एका सावलीला दोन शब्द

माझ्या आत्याला सगळे तंद्री म्हणायचे. खरं नाव होतं, चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त पगाराच्या पाकिटावर उरलं होतं. कारखान्यात ती तंद्री, घरी तंद्री, कोपऱ्यावरचा दूधवालासुद्धा म्हणायचा, "तंद्रीताई, भांडं सरळ धरा, नाहीतर दूध रस्त्याला." तिला राग यायचा नाही. राग यायला आधी ऐकू यावं लागतं, आणि दूधवाल्याचं बोलणं तिच्यापर्यंत पोचेस्तोवर ती घराची पायरी चढलेली असायची.

ती दिव्यांच्या शेड बनवायची. एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर तो कारखाना होता. कारखाना म्हणायचं एवढंच, सात-आठ बायका आणि दोन लांब टेबलं. तारेची वरची कडी, खालची कडी, मधल्या उभ्या तारा, त्यावर ताणून चिकटवलेलं कापड आणि शेवटी काठाला फीत. आत्याकडे फितीचं काम होतं. कापडाचा काठ कडीवर दुमडायचा, अंगठ्याने दाबत दाबत गोल फिरायचं, की जिथून सुरुवात केली तिथेच येऊन पोचायचं. असं काम करणाऱ्याला तंद्री लागणार नाही तर काय होईल? तयार शेड छताला टांगलेल्या असत आणि चार वाजायच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की त्या सगळ्या एकदम पेटल्यासारख्या दिसत. पिवळ्या, शेवाळी, जुन्या गुलाबाच्या रंगाच्या. खाली बसलेल्या बायकांचे चेहरे क्षणाक्षणाला बदलत. आत्या मान वर करून बघत बसायची आणि हातातल्या ब्रशावरचा गोंद वाळून जायचा.

"तंद्री, उतर खाली," शेजारची ओरडायची.

"आले," आत्या म्हणायची, आणि यायला थोडा वेळ लागायचा.

वरच्या मजल्यावर संध्याकाळी मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. मधली जमीन लाकडी. वर बोललेलं सगळं फटींतून खाली झिरपायचं. "गो, वेंट, गॉन," वर सगळे एका सुरात म्हणायचे. "गेला, गेला, गेला," खालच्या बायका हसायच्या, "अगं बाई, परत कधी येणार?" आत्या हसायची नाही. तिची बोटं त्या सुरावर फीत दाबत जायची. कितीतरी वर्षं ते शब्द असे तिच्या डोक्यावर पडत राहिले, कळले नाहीत, पण ओळखीचे झाले. रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाचं नाव माहीत नसतं, तरी तो आपला वाटतो, तसे.

एका संध्याकाळी बाकीच्या बायका निघून गेल्या आणि आत्या तशीच बसून राहिली. वर मास्तरीणबाईंनी काहीतरी विचारलं. कुणी उत्तर देईना. पुन्हा विचारलं, पुन्हा शांतता. तेव्हा आत्याने छताकडे तोंड केलं आणि मोठ्याने उत्तर दिलं.

वरचे बाक सरकले. जिन्याच्या तोंडाशी मास्तरीणबाई आल्या. आत्यापेक्षा वयाने लहान, खांद्यावर खडूची पूड.

"कोण बोललं?"

"मी. चुकलं का?"

"साफ चुकलं," बाई म्हणाल्या. "पण वर येऊन चुका ना. खाली बसून काय चुकता?"

अशी आत्या वर्गात गेली.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "इंग्रजी? तुला काय विमान चालवायचंय?"

बाबा तिचे थोरले भाऊ. ते कमवायला लागले तेव्हा आत्या अजून शाळेत होती. आजोबा अचानक गेले, आजी अंथरुणाला खिळली, आणि त्या घराचा भार बाबांनी उचलला तो कायमचा. आत्याचं शिक्षण, आत्याचं काम, आत्याची औषधं, आत्याच्या चपला, सगळं ते बघायचे. तिला कारखान्यात सोडायला जायचे, आणायला जायचे. लग्नाची दोन स्थळंही त्यांनीच पाहिली आणि त्यांनीच परतवली. एकाचं नाक आवडलं नाही, दुसऱ्याची नोकरी. त्यानंतर आजीचं दुखणं वाढलं, आणि मग कुणी विषय काढला नाही. बाबा वाईट नव्हते. आत्याला साधी शिंक आली तरी खिडक्या बंद करणारा माणूस. आई म्हणायची, "तुमच्या बहिणीला वारा लागू देत नाही तुम्ही." हे ती कौतुकाने म्हणायची की कसं, ते तिच्या आवाजावरून कधीच समजायचं नाही.

बाबांनी वर्गाला हो म्हटलं. एवढंच, की कारखाना सुटायच्या वेळेऐवजी ते आता वर्ग सुटायच्या वेळेला येऊन उभे राहायचे. रस्त्याच्या दिव्याखाली. खिडकीतून आत्याला ते दिसायचे नाहीत, त्यांची सावली दिसायची. लांब, बारीक, इमारतीच्या पायरीपर्यंत आलेली.

वर्गात दहा-बारा जण होते. बेकरीतला भट्टीवाला, एक निवृत्त पोस्टमन, दोघी नर्स, आणि खिडकीशी एक आडव्या अंगाचा माणूस. त्याला सगळे झाडवाले म्हणत. तो शहराच्या बागखात्यात होता. गाडीवरच्या शिडीच्या टोपलीत उभा राहून रस्त्यावरची झाडं छाटायचा. मान उन्हाने भाजलेली, केसांत बहुतेकदा एखादी काडी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. इंग्रजी कशाला शिकताय, असं बाईंनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "नवीन करवत आली आमच्याकडे, मशीनची. तिच्यावर सगळं इंग्रजीत. एकदा उलटं वाचलं आणि बोट जाता जाता राहिलं." मग बोट वर करून दाखवलं, जागेवर आहे म्हणून. सगळा वर्ग हसला. खिडकीशी का बसता, असं विचारलं तर म्हणाला, "समोरची ती फांदी बघा. वायरीकडे चाललीय. लक्ष ठेवायला नको?"

आत्या त्याच्या पुढच्या बाकावर बसायची. कधी कधी मागून हळूच आवाज यायचा, "ताई, बाईंनी काय विचारलं?" आत्यालाही माहीत नसायचं. तिचं लक्षही फांदीकडेच असायचं.

एके दिवशी प्रत्येकाने आपल्या दुपारबद्दल एक वाक्य लिहायचं होतं. झाडवाल्यांनी फळ्यावर जाऊन लिहिलं आणि वाचून दाखवलं, "आय ईट माय ब्रेड इन द शॅडो ऑफ द ट्री."

"छान," बाई म्हणाल्या. "पण इथे शेड म्हणा. शॅडो नको."

"शेड?" आत्या तंद्रीतून जागी झाली. "आमची शेड? दिव्याची?"

"तीच."

"मग मागे पत्र्याची आहे, माल ठेवायची, तीपण तीच?"

"ती वेगळी. तिचं स्पेलिंग वेगळं, उच्चारही जरा आखूड. आपण मराठीत दोन्हीला शेडच म्हणतो."

"म्हणजे आम्ही शेड बनवतो आणि शेडमध्ये ठेवतो, पण ती शेड आणि ही शेड एकमेकींच्या कुणी लागत नाहीत," आत्या म्हणाली, आणि वर्गाला पुन्हा हसू आलं.

बाईंनी टेबलावरचा दिवा भिंतीकडे वळवला आणि समोर हात धरला. भिंतीवर काळा पंजा उमटला. "ही शॅडो. हिला आकार असतो. हिचा कुणीतरी मालक असतो. तो हलला की ही हलते. माझी शॅडो, खुर्चीची शॅडो, मोजता येतात, एक, दोन, तीन." मग दिवा विझवून त्या खिडकीशी गेल्या. उन्हाळ्याचे दिवस, संध्याकाळ असूनही बाहेर अजून ऊन होतं. झाडाखाली एक बाक होता आणि बाकावर एक म्हातारा पाय पसरून झोपला होता. "आणि ते गृहस्थ जिथे झोपलेत, ती शेड. ऊन पोचत नाही अशी जागा. तिला कडा नसते, म्हणजे असली तरी आपण ती बघत नाही. आपल्याला गारवा हवा असतो. शॅडो बघायची असते. शेडमध्ये बसायचं असतं."

"आणि दोन्हीला मराठीत सावलीच," पोस्टमन म्हणाले.

"हो. म्हणून तर आपला घोटाळा होतो. चला, मला मराठीतल्या सावल्या सांगा. एकेक करून वाटून टाकू."

बाईंनी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली आणि वर्गात बाजार भरला.

"मायेची सावली," नर्स म्हणाली.

"शेड."

"स्वतःच्या सावलीला भितो," भट्टीवाला म्हणाला. "माझा मेहुणा."

"मेहुणा शॅडोत."

"सावलीसारखा पाठीमागे लागला."

"शॅडो. पोलीससुद्धा हाच शब्द वापरतात, कुणाच्या मागावर असले की."

"डोक्यावरची सावली गेली," झाडवाले म्हणाले. त्यांनी ते हळू म्हटलं. बाईंनी ते शेडच्या बाजूला लिहिलं.

मग आत्याने विचारलं, "आणि भावाच्या सावलीत वाढली, असं असलं तर?"

बाईंचा खडू रेघेवर थांबला. "हा अवघड आहे," त्या म्हणाल्या. "आपण म्हणतो तेव्हा त्यात उपकाराची भावना असते. भावाने सांभाळलं, ऊन लागू दिलं नाही. त्या अर्थाने शेडच. पण इंग्रजी माणूस 'इन हिज शॅडो' म्हणतो, तेव्हा तो वेगळंच सांगत असतो. समोरचा इतका मोठा, की मागची कुणाला दिसलीच नाही."

"मग कुठे लिहायचं?"

"तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या.

तास संपला. ते वाक्य फळ्यावर कुठल्याच बाजूला गेलं नाही.

त्या दिवशी घरी येताना, आत्याने मला नंतर सांगितलं, ती रस्ताभर खाली बघत चालली. दिवे नुकतेच लागले होते. दिव्याखालून जाताना माणसाची सावली आधी मागे असते, मग पायाशी गोळा होते, मग पुढे पळते. बाबांची सावली तिच्या सावलीवर पडली की तिची दिसायची बंद व्हायची. दोघांची मिळून एकच, रुंद, दोन डोक्यांची. मग बाबा पुढे गेले की तिची पुन्हा सुटी व्हायची.

"दादा," ती म्हणाली, "मी तुझ्या सावलीत वाढले, नाही?"

"मग! आणखी कुणाच्या वाढणार?" बाबा म्हणाले. अभिमानाने. आणि तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

पुढचे दिवस आत्या जास्तच हरवलेली असायची. भरल्या घरात बसून ती दूर कुठेतरी असायची. मी तेव्हा कॉलेजात होते, तिच्याच खोलीत झोपायचे. पहाटे डोळा उघडला तर ती खिडकीशी बसलेली दिसायची. काय बघतेस, विचारलं तर म्हणायची, "ऊन कुठून आत येतं ते बघतेय." आमच्या खिडकीतून ऊन कधीच आत यायचं नाही. समोर बाबांनी उन्हाळ्यासाठी घातलेलं जाड कापडाचं छप्पर होतं, आणि ते थंडीतही काढायचं राहून जायचं.

वर्गात मग भविष्यकाळ आला. विल. बाईंनी जोड्या लावल्या आणि सांगितलं, एकमेकांना वचनं द्या. काहीही द्या, फक्त विल वापरा. आत्याच्या वाट्याला झाडवाले आले.

"आय विल ब्रिंग टी," आत्या म्हणाली.

"आय विल ड्रिंक टी," झाडवाले म्हणाले.

"आय विल कट रिबन."

"आय विल कट ट्री."

असं थोडा वेळ चाललं. मग झाडवाल्यांनी केसांतली काडी काढून बाकावर ठेवली, सरळ केली, आणि काडीकडेच बघत म्हणाले, "आय विल बी युवर शॅडो."

आत्याने ऐकलं. एरवी दहा वेळा हाक मारल्याशिवाय न ऐकणारी आत्या, पण हे तिने पहिल्याच वेळी नीट ऐकलं. तिने पिशवी उचलली, बाईंना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि जिना उतरून गेली. खाली बाबा अजून आले नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती एकटी घरी आली.

त्यानंतर ती वर्गाला गेली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "एक आहे ना मागे. आणखी एक कशाला?" मला अर्थ लागला नाही. ती फीत दाबत राहिली, वरून "विल, विल नॉट" येत राहिलं, आणि त्यात एक जाड आवाज असायचा तो मात्र आता येत नव्हता, हे तिच्या लक्षात आलं होतं. तो माणूसही वर्गात बोलेनासा झाला होता.

एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर बाकाकडे गेल्या आणि हात हलवत परत आल्या. रस्ता बंद होता. बागखात्याची गाडी आली होती. फांद्या धडाधड खाली पडत होत्या आणि हिरवा, ओला वास कारखान्याच्या आतपर्यंत आला होता. आत्या उठून दारात गेली. झाडवाले वर, पानांच्या मध्ये, शिडीच्या टोपलीत उभे होते. वायरीकडे जाणारी फांदी कापून झाली होती. करवत बंद होती. ते बाकाच्या डोक्यावरची एक आडवी फांदी हाताने चाचपून बघत होते.

आत्या गाडीखाली जाऊन उभी राहिली. खालच्या माणसाने हाक मारली, "ओ ताई, मागे व्हा!" ती झाली नाही.

"तुम्ही मला शॅडो का म्हणालात?" तिने वर बघत विचारलं.

झाडवाल्यांनी खाली वाकून पाहिलं. "काय?"

"शॅडो! शॅडो होईन म्हणालात!"

रस्त्यावरची चार माणसं थांबली. कारखान्याच्या दारात सगळ्या बायका गोळा झाल्या. आमच्या तंद्रीचा आवाज एवढा मोठा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मग? सावली!" झाडवाले वरून ओरडले. "सावली होईन म्हणालो. त्यात काय वाईट?"

"कुठली सावली?"

"म्हणजे?"

"मागे मागे येणारी की बसायची?"

झाडवाल्यांनी खालच्या माणसाला हात केला आणि टोपली हळूहळू खाली यायला लागली. इतकी हळू, आत्या सांगायची, की मधे माझा राग दोनदा येऊन गेला. जमिनीवर उतरल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं. बाकाजवळ गेले आणि तिथे जमिनीवर पसरलेल्या अंधुक गारव्याकडे बोट दाखवलं.

"ही कुठली?"

"ही शेड."

"मग हीच म्हणायची होती मला," ते म्हणाले. "मराठीत विचार केला, इंग्रजीत बोललो, आणि मधल्या मधे फांदी मोडली. मराठीत सरळ बोलायची लाज वाटली हो. या वयात. म्हटलं, व्याकरणाच्या आड लपून बोलावं. चुकलं तर बाईंवर ढकलता येईल."

दारातल्या बायकांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. आत्याही हसली. मग रडली थोडीशी. त्याबद्दल ती म्हणायची, "भुसा गेला डोळ्यात." झाडवाल्यांनी ती आडवी फांदी कापली नाही. वायरीपासून लांब आहे, राहू दे, असं खालच्या माणसाला सांगितलं.

पण आत्याने लगेच हो म्हटलं असं नाही. लोकांना वाटतं, इथे गोष्ट संपली. बाकावर बसून तिने त्यांना सांगितलं, "तुम्ही चांगले आहात. पण मी एका सावलीतून उठून लगेच दुसऱ्या सावलीत नाही बसणार. शेड असली तरी. मला आधी थोडं उन्हात राहायचंय."

"राहा की," झाडवाले म्हणाले. "उन्हाशिवाय काही वाढतं का? मी थांबतो. रोज चौकशी करणार नाही. वर्गाला मात्र या, मला बाई काय विचारतात ते कुणी सांगत नाही."

घरी बोलायचं होतं ते आत्याने चहाच्या वेळी बोलून टाकलं. बाबा चष्म्याची सुटलेली काडी दोऱ्याने बांधत होते. मी पुस्तक धरून बसले होते आणि एकही ओळ वाचत नव्हते.

"दादा, मी खोली बघितलीय. कारखान्याच्या मागच्या गल्लीत. तिथे राहायला जाणार."

बाबांनी दोरा दातांनी तोडला. "इथे काय कमी आहे?"

"काहीच नाही."

"वहिनी काही बोलली?"

"नाही रे."

"मग माझं काही चुकलं?"

आत्याच्या डोळ्यांपुढे फळा होता, असं मला वाटतं, आणि मधली रेघ. "तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "तू नसतास तर मी करपून गेले असते. पण दादा, मी आता मोठी झाले रे. मला कुणी बघितलंच नाही अजून. मीसुद्धा."

बाबांना हे कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, काढला, पुन्हा चढवला. मग म्हणाले, "खोलीला कडी नीट आहे का ते बघायला येतो उद्या." आणि उठून गेले. त्या संध्याकाळी आई एकटीच आत्याच्या शेजारी बसली आणि तिने तिच्या केसांवरून हात फिरवला.

आत्याची ती खोली मी कधी विसरणार नाही. एक खाट, एक खुर्ची, एक शेगडी आणि पूर्वेला एवढी मोठी खिडकी. तिने पडदा लावला नाही. सगळ्या गावाच्या दिव्यांना टोप्या घालणाऱ्या माझ्या आत्याच्या खोलीत बल्ब मात्र उघडा लोंबत होता. सकाळी ऊन आधी भिंतीवर यायचं, मग सरकत सरकत खाटेवर, मग जमिनीवर. सुट्टीच्या दिवशी ती खुर्ची घेऊन त्याच्यामागे जायची. ऊन हललं की खुर्ची हलायची. दुपारपर्यंत सबंध खोलीची प्रदक्षिणा व्हायची. मी गेले की दार उघडंच असायचं आणि ती उन्हाच्या मधोमध डोळे मिटून बसलेली. आता तिची तंद्री मोडायला कुणी नव्हतं, म्हणून ती आपोआप मोडायची, पिकलेलं फळ पडावं तशी. डोळे उघडून म्हणायची, "तू कधीची आलीस?" आणि मग खरंच माझ्याकडे बघायची, थेट. आधी तशी ती कधी बघत नसे.

बाबा गल्लीत यायचे. वर यायचे नाहीत. वर्ग सुटायच्या वेळी दिव्याखाली उभं राहायची सवय ती, जाईल कशी? आत्या पुन्हा वर्गाला जायला लागली होती; ती खोलीत पोचली, बल्ब लागला, की ते परत फिरायचे. आत्याला माहीत होतं. काही दिवस तिने चालू दिलं. मग एका रविवारी ते सकाळीच गल्लीत दिसले, तेव्हा खिडकीतून वाकून तिने हाक मारली, "दादा, तिथे काय उभा आहेस? वर ये."

बाबा आले. दारात जरा घुटमळले, चपला काढल्या, कडी हलवून बघितली. आत्याने त्यांना खुर्चीत बसवलं. खुर्ची एकच, म्हणून ती स्वतः जमिनीवर बसली. चहा दिला. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी तिला विचारलं होतं, जेवलीस का, पोचलीस का, कुठे होतीस. पाहुणा असले प्रश्न विचारत नाही. हळूहळू त्यांची मान एका बाजूला कलली आणि ते तिथेच झोपून गेले. दिवसाढवळ्या, बहिणीच्या घरी, तोंड उघडं टाकून. आम्हाला कुणालाच बाबा असे झोपलेले माहीत नव्हते. घरी ते सगळ्यांच्या नंतर झोपायचे आणि सगळ्यांच्या आधी उठायचे.

ऊन त्यांच्या डोळ्यांवर यायला लागलं तेव्हा आत्या उठून खिडकीत उभी राहिली. पाठमोरी, त्यांच्या आणि उन्हाच्या मधे. पाय दुखेपर्यंत उभी होती.

बाबा दचकून जागे झाले. "किती वेळ झाला? निघायला हवं मला."

"झोप रे," आत्या म्हणाली. "मी आहे ना."

आणि बाबा पुन्हा झोपले.

झाडवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे रोज चौकशी केली नाही. सुट्टीच्या दिवशी चहाला यायचे, येताना स्वतःची खुर्ची घेऊन यायचे, घडीची, आणि जाताना परत घेऊन जायचे. एकदा जाताना आत्या म्हणाली, "राहू द्या ती. दर वेळी काय ओझं वाहता?" झाडवाल्यांनी खुर्ची भिंतीला लावली आणि बाहेर जाऊन जिन्यावर थोडा वेळ बसून राहिले. हे आम्हाला घरमालकिणीने सांगितलं. तिला वाटलं, भोवळ आली की काय.

लग्न कचेरीत झालं. सही करायला बाबा होते आणि मास्तरीणबाई होत्या. बाबांनी झाडवाल्यांचं नाक एकदा न्याहाळलं, असा मला संशय आहे. मग पेनाचं टोपण उघडून त्यांच्या हातात दिलं. बाहेर आल्यावर भट्टीवाल्याने सगळ्यांना गरम पाव वाटले.

दोघं त्या खोलीतच राहतात. कारखाना अजून चालू आहे, आत्या अजून फीत लावते, झाडवाले निवृत्त झाले आहेत आणि जिन्यावर कुंड्या वाढवतात, त्यावरून घरमालकिणीशी त्यांची रोज एक चकमक होते. इंग्रजी म्हणाल तर दोघांचंही बेताचंच राहिलं. बाईंचा वर्ग बंद झाला त्यालाही आता बराच काळ लोटला. पण त्यांनी एक नियम केला आहे, आणि तो कटाक्षाने पाळतात. गोड बोलायचं ते मराठीत, आणि भांडायचं ते इंग्रजीत.

परवाच मी गेले होते. आत्याने कुंड्यांसाठी भरलेलं पाणी सांडून खाटेखाली जाऊ दिलं होतं, तंद्रीत. झाडवाले कमरेवर हात ठेवून उभे होते.

"यू," ते म्हणाले. "यू ऑलवेज... यू आर ऑलवेज..." पुढचा शब्द येईना. छताकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं.

"से," आत्या म्हणाली. "से, से. आय विल वेट."

ते शब्द शोधत राहिले. मला आत्याने डोळ्यांनीच बसायची खूण केली. शेवटी त्यांनी हात झटकला, फडकं घेतलं आणि खाटेखाली शिरले.